अक्का आणि सातवं कलम

मला फक्त दोन फोटो आणि एक यशोगाथा हवी होती. तेवढ्यासाठी मी सकाळी आठ वाजता अक्कांच्या मोपेडवर मागे बसलो आणि दुपारी उतरलो तेव्हा माझं नाक वांग्याएवढं झालं होतं.

आमची कंपनी कांद्याचं बियाणं विकते. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत बी साफ होतं, चाळलं जातं, पाकिटात भरलं जातं. पिकवतात मात्र शिरूर आणि दौंड तालुक्यातले शेतकरी, कंपनीशी करार करून. मी नुकताच एमबीए होऊन या कंपनीच्या स्ट्रॅटेजी विभागात रुजू झालो होतो. विभाग म्हणजे मी आणि एक प्रिंटर. दोघांपैकी प्रिंटरला जास्त काम असायचं. अशात मुख्य कार्यालयातून फर्मान आलं की यंदाच्या अहवालात 'व्यवसाय-धोरणात जैवविविधता' असं एक प्रकरण हवंच, परदेशी ग्राहक विचारतात. मी कारेगावच्या भाड्याच्या खोलीत बसून एका दुपारी ते प्रकरण लिहून टाकलं. त्यात निसर्ग होता, समतोल होता, भावी पिढ्या होत्या आणि एका पायावर उभा असलेला एक रोहित पक्षी होता. त्या रोहितचा आणि कांद्याचा संबंध काय हे मला माहीत नव्हतं, रोहितलाही नसणार. कुणीतरी म्हणालं, निदान एखादा फोटो तरी आपल्याकडचा टाक, अक्कांना भेट.

अक्का म्हणजे आमच्या बीजोत्पादन विभागाच्या मॅनेजर. पन्नाशी ओलांडलेली, चणीनं बारीक बाई. ऑफिसात सुती साडी. शेतात निघाल्या की त्याच साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला पंचा. बारावीनंतर त्या या कंपनीत पॅकिंगला लागल्या होत्या, पोती शिवायला. पोत्यांवरची लेबलं वाचत वाचत इंग्रजी शिकल्या आणि सगळ्यांना हैराण करत करत मॅनेजर झाल्या. वॉचमनपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. फक्त मुख्य कार्यालयातले मोठे साहेब 'मॅडम' म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी अक्का मागे वळून बघायच्या, कोण आलं म्हणून.

मला बघताच त्यांनी नाक आक्रसलं. मी अंगावर काय फवारलंय, असं त्यांनी मला विचारलं. मी ब्रँडचं नाव सांगितलं. त्यांनी मला बोअरच्या पाइपाखाली उभं केलं आणि मान धुवायला लावली. मी मान धुतली, पण शर्टाचं काय करणार. यवतच्या अलीकडे एका प्लॉटवर पोचलो. पांढऱ्या गोंड्यांचं शेत, वर नुसता घुमणारा आवाज. मी फोन काढून फोटोसाठी पुढं वाकलो आणि पहिली मधमाशी सरळ नाकावर.

"ए स्ट्रॅटेजी, हलू नकोस," अक्का म्हणाल्या. "तिला वाटलं तू फूल हायेस. तिची चूक न्हाई, तू वासच तसा मारून आलायस."

तेव्हापासून कंपनीत माझं नाव स्ट्रॅटेजी पडलं. अहवालातल्या फोटोत शेताच्या कडेला एक सुजलेला माणूस दिसतो, तो मी. खाली ओळ आहे: 'आनंदी बीजोत्पादक शेतकरी'.

त्या दिवशी मला कळलं की कांद्याचं बी पाकिटात तयार होत नाही. निवडलेला कांदा पुन्हा जमिनीत लावायचा, थंडीत त्याला हिरवा दांडा फुटतो, दांड्याच्या टोकाला पांढरा गोंडा उमलतो. त्या गोंड्यावर माशी फिरली तर काळंभोर बी, नाही फिरली तर भुसा. एवढा मोठा आमचा कारखाना, एवढ्या चाळण्या, मोजमापाची एवढी यंत्रं, कंपनीच्या बसगाड्या, आणि सगळं उभं होतं ते बांधावरच्या बाभळीत राहणाऱ्या त्या माश्यांच्या पायांवर.

अक्कांचा एक नियम होता. प्लॉटवर पोचल्यावर आधी पाच मिनिटं कुणाशीच बोलायचं नाही. गोंड्यांत उभं राहायचं आणि ऐकायचं. शेतकरी समोर येऊन हात जोडून उभा असो, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन उभा असो, अक्का बोट वर करायच्या. पाच मिनिटं झाली की मग, "हां, बोला, पोरगी कुठं दिली?" माश्यांचा आवाज बारीक असला तर पत्रिका घेण्याआधी त्याचा फवारणीचा पंप मागवून त्यात नाक घालायच्या.

दुसरा नियम, सकाळी दहा ते बारा फोन उचलायचा नाही. कांद्याच्या गोंड्यावर माशी जास्त येते ती त्याच वेळी. एकदा मोठ्या साहेबांनी साडेदहाला तीनदा फोन लावला. शेवटी त्यांनी मला लावला आणि मी माझा फोन अक्कांच्या कानाला धरला. अक्का म्हणाल्या, "साहेब, कामगार कामावर हायेत. बारा वाजता जेवायला सुटतील, मंग बोलू." आणि फोन माझ्या खिशात टाकला, चालूच. साहेबांनी पुढची पाच मिनिटं माझ्या खिशातून माश्यांचा आवाज ऐकला असणार, कारण नंतर त्यांनी मला विचारलं की नेटवर्कमध्ये घरघर का येते.

तिसरा नियम जेवणाचा. दुपारची भाकरी बांधावरच्या झाडाखालीच खायची. आणि ज्याच्या बांधावर झाडच नाही त्याच्याकडे? त्याच्याकडे उन्हात उभ्यानं खायची. मलाही उभं करायच्या. शेतकरी बिचारा घरात चला म्हणायचा, सतरंजी आणायचा, त्याची बायको दारातून लाजून बघायची. अक्का शांतपणे उभ्या, हातावर भाकरी, त्यावर ठेचा, कपाळावरून घामाची धार. "बसाय जागा न्हाई हो तुमच्यात," एवढंच. त्या भागातल्या एका आबांनी, ते गावच्या सोसायटीचे जुने चेअरमन, अख्खा बांध जेसीबी लावून साफ केला होता. अक्का सलग चार खेपा त्यांच्या बांधावर उभ्यानं जेवल्या. पाचव्या खेपेला आबांच्या मंडळींनी आबांना कडुलिंबाची तीन रोपं आणायला लावली. बाहेरची बाई आपल्या दारात उन्हात उभी राहून खाते, ही बेअब्रू त्या माउलीला सोसवेना. मी मधल्या काळात दोनदा चक्कर येऊन पडलो, ते कुणाच्या गणतीत नाही.

झाडांवर अक्का बियाण्याच्या जुन्या पोत्याची पट्टी बांधायच्या. कंपनीचं नाव छापलेली. पट्टी बांधली की ते झाड कंपनीचं. कायद्यानं त्याला काहीही अर्थ नव्हता. पण आबांच्या शेजारच्या चाचांच्या बांधावर एकदा जेसीबी आला. चाचांचं घराणं त्या गावात पिढ्यान् पिढ्यांचं, माणूस साधा, पण पुतण्यानं परस्पर जेसीबी बोलावला होता. आम्ही पोचलो तेव्हा बकेट पट्टीवाल्या बोरीवर उतरत होती. अक्कांनी मोपेड तशीच आडवी टाकली, चालत गेल्या आणि जेसीबीच्या बकेटमध्ये चढून बसल्या. मांडी घालून. डबा उघडला.

ऑपरेटर उत्तरेकडचा पोरगेला माणूस. तो घाबरून म्हणाला, "मैडम, उतरिए, गिर जाएँगी."

"तू खाना खाया क्या?" अक्कांनी विचारलं. त्यानं मान हलवली. अक्कांनी अर्धी भाकरी पुढं केली. तो उतरला, बकेटच्या कडेला बसला, खाल्ली. तासाभरानं जेसीबी गेला. बोर राहिली. मी हा प्रसंग अहवालात 'हितधारकांशी संवाद' या मथळ्याखाली घातला. साहेबांना आवडला.

हे सगळं ज्याच्या जोरावर चालायचं ते म्हणजे सातवं कलम. शेतकऱ्यांशी होणाऱ्या करारात सहावं कलम पोती स्वच्छ ठेवण्याचं आणि आठवं वजनाचं. त्या दोघांच्या मध्ये, कुणी बघत नसताना, फार वर्षांपूर्वी अक्कांनी सातवं घुसवलं होतं. गोंडा उमलल्यापासून बी भरेपर्यंत प्लॉटवर काहीही फवारायचं नाही, अडचण आली तर आधी कळवायचं. आणि बांधावरचं झाड, झुडूप तोडायचं नाही, जाळायचं नाही. जो हे पाळेल त्याला पुढच्या वर्षी पहिला करार. बस, तीन ओळी.

माझ्या प्रकरणात मी या कलमाचं पानभर इंग्रजीत कौतुक केलं होतं. फक्त ते कलम मी वाचलेलं नव्हतं.

याचा पुरावा मी लवकरच दिला. ऐन फुलोऱ्यात मुख्य कार्यालयानं यवतला शेतकरी मेळावा घ्यायचं ठरवलं आणि तो माझ्याकडे सोपवला. अक्कांनी यायला नकार दिला. फुलोऱ्यात मेळावा घ्यायचा तर माश्यांनापण आवतण द्या म्हणाल्या, आणि शिरूरकडच्या प्लॉटवर निघून गेल्या. मला वाटलं, बरंच झालं, आता आपली कर्तबगारी दिसेल. मी महामार्गालगतचं मंगल कार्यालय ठरवलं, फेटे आणले, आणि शेतकऱ्यांना काहीतरी भेट द्यावी म्हणून एका औषध-दुकानदाराला गाठलं. तो फार उदार निघाला. प्रत्येक शेतकऱ्याला पाठीवरचा एक पंप आणि फुलकिड्यावरच्या औषधाची एक बाटली, सगळं फुकट. अट एकच, पंपावर दुकानाचंही नाव हवं. मी म्हटलं, शेजारी आमच्या कंपनीचंही छापा. मी स्वतःच्या हातानं एकेकाच्या पाठीवर पंप अडकवला आणि फोटो काढले. चेहऱ्यावर असा भाव की जणू पदवीदान चाललंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्या शेतकऱ्यांनी फवारणी केली. का नाही करणार? औषध कंपनीनं दिलं, पंप कंपनीचा. म्हणजे कंपनीची परवानगी. उलट न फवारलं तर कंपनीला राग येईल असं दोघांतिघांना वाटलं.

तिसऱ्या दिवशी अक्का मला मोपेडवर घेऊन निघाल्या. आबांच्या प्लॉटवर पोचलो. दहा वाजून गेले होते, ऊन छान पडलं होतं, गोंडे पांढरेशुभ्र. त्यांनी मला मध्ये उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं.

मी डोळे मिटले. लांब महामार्गावरच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला. कुठंतरी कुत्रं भुंकलं. बाकी काही नाही. पाच मिनिटं पूर्ण झाली तरी अक्का बोलेनात. मी डोळे उघडले तर त्या खाली बसून सरीतून काहीतरी वेचत होत्या. माझ्याकडे रुमाल मागितला. मेलेल्या माश्या त्यात ठेवल्या, चार कोपरे जुळवून गाठ मारली आणि माझ्या हातात दिला.

"धर. हे घेऊन घरोघर जायचं. ज्यांनी फवारलं त्यांच्या आन् ज्यांनी फवारलं न्हाई त्यांच्यापण. काय केलंस ते तुझ्या तोंडानं सांगायचं. उरलेल्या बाटल्या परत घ्यायच्या."

मी गेलो. आठवडाभर गेलो. मोपेड त्या चालवायच्या, बोलायचो मी. कुणी चहा दिला, कुणी दिला नाही. एका म्हातारीनं रुमाल उघडून बघितला आणि म्हणाली, एवढ्याशा जीवाला मारायला एवढा मोठा शिकलेला माणूस लागतो व्हय. सगळ्यात अवघड गेलं ते चाचांकडे. चाचांनी बाटली फोडलीच नव्हती. कपाटात कपड्याच्या घडीखाली ठेवली होती, कधी कामाला येईल म्हणून. तरी त्यांचा प्लॉटही मुका झाला होता, कारण माशीला बांध कळत नाही. सकाळी आबांच्या गोंड्यावर बसलेली माशी चाचांच्या गोंड्यापर्यंत पोचलीच नव्हती.

हंगाम संपला तेव्हा यवतकडच्या प्लॉटांचं बी पोचट निघालं. शिरूरकडचं, जिथं माझे पंप पोचले नव्हते, ते भरलं. मुख्य कार्यालयानं कारण विचारलं. अहवाल मी लिहायचा होता. मी खोलीवर बसलो, बरंच खोडलं, आणि शेवटी लिहिलं, 'यवत भागात प्रतिकूल हवामान'.

अक्कांनी तो कागद वाचला. मला वाटलं आता काही खरं नाही. त्यांनी तो घडी करून मला परत दिला. "लिहिलंस तू, खोडायचंपण तूच," म्हणाल्या. आणि खरंच कुणाला काही सांगितलं नाही. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला झोप लागली असती.

माझ्या त्या दोन शब्दांचा पुढं काय उपयोग होईल हे मला सुचलं नव्हतं. मोठ्या साहेबांना सुचलं. कलम सात असूनही बी भरलं नाही, मग ते कलम हवंच कशाला? दुसऱ्या कंपन्या असली बंधनं घालत नाहीत, आपले शेतकरी तिकडं जातील. नव्या करारातून सातवं कलम काढायचं, माश्यांच्या पेट्या बाहेरून मागवायच्या, त्यानं भागलं नाही तर बायका लावून हातानं गोंड्यावर गोंडा फिरवायचा. अहवालातलं जैवविविधतेचं प्रकरण मात्र ठेवायचं, ग्राहकांना आवडलंय. रोहितसकट.

साहेब रांजणगावला आले तेव्हा मी त्यांच्या सोयीसाठी एक आकृती केली होती: कंपनी, खाली शेतकरी, खाली ग्राहक, मध्ये बाण. अक्का उठल्या, मार्कर घेतला आणि शेतकऱ्याच्या चौकोनाच्या वर एक ठिपका काढला. मला वाटलं बोर्डावर माशी बसली, म्हणून मी ती हाकलायला हात हलवला.

"हे राहिलं होतं," अक्का म्हणाल्या. "पुस्तकात ठेवायचं आन् कागदावरनं काढायचं, हे मला जमणार न्हाई."

साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की नव्या कराराच्या सह्या मॅडमनीच आणायच्या आहेत. नाही जमलं तर त्यांना पॅकिंगमध्ये बदलावं लागेल.

"पॅकिंगमधनंच आलेय मी," अक्का म्हणाल्या. "रस्ता पाठ हाय."

मग त्यांनी एकच मागणं मागितलं. कलम शेतकऱ्यांना जड होतंय असं साहेब म्हणतात ना, मग शेतकऱ्यांनाच विचारू. तेच मंगल कार्यालय, सगळे शेतकरी, साहेब स्वतः समोर. शेतकरी म्हणाले काढा, तर त्या सह्या आणतील आणि दुसऱ्या दिवशी पॅकिंगमध्येही जातील. साहेबांना आपण जिंकलो असं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही. बंधन कुणाला हवं असतं?

सभेच्या सकाळी मी दारात नावं लिहून घेत बसलो होतो. आबा आले, खुर्ची ओढून जवळ बसले, आवाज खाली आणला. "माझ्या कागदावरनं ते सातवं तेवढं काढा," म्हणाले, "मोकळं वाटंल." मी मान डोलावली. मग आबांनी आणखी पुढं झुकून सांगितलं, "पर चाचाच्या कागदावर राहू द्या बरं का. त्याला लिहून दिल्याबिगर कळत न्हाई."

दहा मिनिटांनी चाचा आले. त्यांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, आबा मोठा माणूस, मी काय बोलणार. पर त्याचा हात पंपावर लई चालतो. माझं कलम काढलं तरी चालंल. त्याचं काढू नका."

तिसरा आला. चौथा आला. सगळ्यांचं म्हणणं एकच. मी गोंधळून अक्कांना जाऊन सांगितलं. त्या पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर हसल्या, आणि मला कोऱ्या चिठ्ठ्या कापायला बसवलं.

साहेबांचं भाषण झाल्यावर अक्का उठल्या. प्रत्येकानं चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहायच्या. सातवं कलम तुमच्या करारात पाहिजे का, आणि शेजाऱ्याच्या करारात पाहिजे का. नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या साहेबांनीच गोळा करायच्या, साहेबांनीच वाचायच्या.

साहेबांनी पहिली उघडली. "मला नको. शेजाऱ्याला पाहिजे." दुसरी. "मला नको. शेजाऱ्याला पाहिजेच पाहिजे." तिसरी. चौथी. सातव्या-आठव्या चिठ्ठीला सभेत खुसखुस सुरू झाली. आबा चाचांकडे बघायला लागले, चाचा छताकडे. एका चिठ्ठीवर कुणीतरी शेजाऱ्याचं नावच लिहिलं होतं, तीनदा, अधोरेखित करून. तेव्हा अख्खं कार्यालय हसलं. साहेबांनी उरलेल्या चिठ्ठ्या न उघडता टेबलावर ठेवल्या.

"इथं कुणी असा हाय का," अक्कांनी विचारलं, "जो कुणाचाच शेजारी न्हाई?"

कुणी हात वर केला नाही.

पण साहेब मोठे झाले होते ते उगाच नव्हे. त्यांनी अहवाल उघडला. ते म्हणाले, कलम सगळ्यांना हवंय हे मान्य, पण त्याचा उपयोग काय? मागच्या वर्षी कलम होतं, तरीही यवतला बी भरलं नाही. इथं लिहिलंय, प्रतिकूल हवामान. हवामानापुढं कलम चालत नसेल तर ते नुसतं ओझं आहे.

शेतकरी माझ्याकडे बघायला लागले. त्या सगळ्यांच्या दारात मी रुमाल घेऊन उभा राहिलो होतो, एकालाही काही सांगायची गरज नव्हती. आणि एकानंही तोंड उघडलं नाही. अक्का पंच्यानं घाम टिपत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आता उद्यापासून त्या पोती शिवणार हे मला स्पष्ट दिसलं, आणि ती पोती माझ्या दोन शब्दांनी शिवली जाणार हेही.

मी उठलो. आयुष्यात इतका वाईट उठलो नव्हतो, खुर्ची माझ्याबरोबर उठली. तिचा हात माझ्या खिशात अडकला होता. मी ती सोडवत असतानाच म्हणालो, "साहेब, ते हवामान मी होतो."

साहेबांना कळेना. मग मी सगळं सांगितलं. मेळावा, दुकानदार, पंप, बाटल्या, पदवीदानाचा भाव, सगळं. कलमाचं कौतुक मी न वाचता लिहिलं तेसुद्धा, आणि शिरूरकडं भरलं ते का, आणि इथं पोचट गेलं ते का. कलम हरलं नव्हतं. मीच ते फेटा बांधून मोडलं होतं.

"खरं हाय," आबा बसल्या जागेवरून म्हणाले. "पंप अजून गोठ्यात हाय माझ्या. तुमच्या कंपनीचं नाव हाय त्याच्यावर."

साहेब अक्कांकडे वळले. त्यांना हे ठाऊक होतं का?

"व्हय."

मग सांगितलं का नाही?

"तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही पुस्तक वाचलं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. सातवं कलम राहील, असं ते म्हणाले, पण अशा आवाजात, की जणू कुणा दुसऱ्याचं वाक्य त्यांच्या तोंडून निघालंय. मग त्यांना कुणावर तरी चिडणं भाग होतं आणि मी उभाच होतो. या माणसाला उद्यापासून कामावर यायची गरज नाही, असं त्यांनी जाहीर केलं. त्यात चूक काही नव्हतं. मी मनातल्या मनात कारेगावची खोली आवरायला सुरुवात केली. तेवढ्यात त्यांनी अक्कांना विचारलं की तुम्ही दोन वर्षांत निवृत्त होणार, नंतर हे कलम राखणार कोण?

अक्कांनी माझ्याकडे बोट केलं.

साहेबांना वाटलं त्या थट्टा करतायत. मलाही वाटलं. सभेतही कुणीतरी हसलं. अक्का हसल्या नाहीत. त्या टेबलापर्यंत गेल्या, चिठ्ठ्यांचा ढीग साहेबांच्या समोर नीट सरकवला.

"ह्याला काढायचं न्हाई. कलम राखायला मला हाच पायजे," त्या म्हणाल्या. "ह्यानं एकदा मारून बघितल्यात. बाकीच्यांच्या अजून मारायच्या राहिल्यात."

अक्का आता निवृत्त झाल्या. दरवर्षी करार छापायला जाण्याआधी मुख्य कार्यालय विचारतं, सातवं कलम थोडं सौम्य करता येईल का. दरवर्षी मी नाही म्हणतो. आणि सगळ्या कागदांवर, मॅनेजर म्हणून, सही करतो.